थिंकपॅड एक्स२३० वर कोअरबूट: दोन चिपा, एक क्लिप आणि दोन रविवार

जुलैतल्या एका रविवारी भाचा घणसोलीहून ठाण्याला आला, तो सॅकमध्ये थिंकपॅड एक्स२३० घेऊनच. ऐरोली, रबाळे, महापे इकडच्या ऑफिसांमधून निघालेले लॅपटॉप फिरतफिरत सेकंड-हँड दुकानांत येतात, त्यातलाच हा एक. "मामा, यात नवं वाय-फाय कार्ड टाकायचंय. आणि जमलं तर कोअरबूट पण." दुसरं जमल्याशिवाय पहिलं होणार नाही, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

या मॉडेलच्या मूळ बायॉसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मंजूर वाय-फाय कार्डांची एक यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की बूट होतानाच १८०२ क्रमांकाचा संदेश येतो आणि मशीन तिथेच थांबतं. कार्ड चांगलं, स्लॉट चांगला, विंडोज-लिनक्सपर्यंत तर गोष्ट पोहोचतच नाही. घर आपलं, पण पाहुणा कोण यायचा ते बिल्डर ठरवणार, असा हा प्रकार. कोअरबूट म्हणजे त्या बायॉसच्या जागी बसणारा खुला पर्याय, आणि त्यात ही यादी नसते.

पुढे जे लिहिलंय ते आम्ही दोन रविवारांत केलेलं काम आहे. ज्यांनी कधीतरी लॅपटॉप उघडून रॅम बदलली आहे आणि लिनक्सच्या टर्मिनलची ज्यांना भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. कमांड अक्षरशः उतरवून देत नाही. प्रत्येक टूल काय करतं आणि त्याला कोणती माहिती द्यायची ते सांगतो. नेमका पर्याय त्या टूलच्या मदतपानावर बघून स्वतः टाइप करा. या कामात बिघडलेली बहुतेक मशीन आंधळ्या कॉपी-पेस्टची बळी असतात, असं माझं मत आहे.

कोअरबूट नेमकं काय करतं

पॉवरचं बटण दाबल्यावर प्रोसेसर पहिली सूचना हार्डडिस्कवरून घेत नाही. मदरबोर्डावर आठ पायांची, नखाएवढी फ्लॅश चिप असते, तिथून घेतो. रॅम जागी करणं, घड्याळं लावणं, डिस्प्ले चालू करणं हे सगळं त्या चिपमधला कोड करतो. बहुतेक लॅपटॉपांत हा कोड, म्हणजे फर्मवेअर, बंदिस्त असतो: तो वाचता येत नाही आणि कंपनीने अपडेट थांबवले की त्यात सापडलेली भोकं तशीच राहतात. २०२३ च्या डिसेंबरात उघड झालेलं लोगोफेल प्रकरण याचं चांगलं उदाहरण. बूट होताना कंपनीचं बोधचिन्ह दाखवणाऱ्या कोडमध्येच फटी होत्या, आणि अनेक कंपन्यांच्या मशीनमध्ये तोच कोड वापरलेला होता.

कोअरबूट १९९९ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालं. रॉन मिनिक यांनी क्लस्टरमधल्या मशीनसाठी ते उभं केलं. तेव्हाचं नाव लिनक्सबायॉस, २००८ पासून कोअरबूट. त्याची कामाची पद्धत मला फार आवडते: हार्डवेअर जागं करायला लागेल तेवढंच करायचं आणि पुढचा ताबा 'पेलोड' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे द्यायचा. पेलोड आपण निवडतो. जुन्या पद्धतीचं बायॉस हवं तर सीबायॉस, नव्या पद्धतीचं यूईएफआय हवं तर ईडीके-टू, लिनक्स सुरू करणारं ग्रबही थेट चालतं. हे काही प्रयोगशाळेतलं खेळणं राहिलेलं नाही. दुकानात मिळणाऱ्या क्रोमबुकांमध्ये कोअरबूटच असतं.

लिब्रेबूट हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ते कोअरबूटचंच तयार, बांधून दिलेलं रूप. लिनक्सचा कर्नल आणि डेबियन यांच्यात जे नातं, साधारण तेच इथे.

हेच मशीन का

इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून, बूट गार्ड नावाची सोय आली. कंपनीने ती चालू केली असेल तर तिची चावी हार्डवेअरमध्ये कायमची कोरलेली असते आणि त्या चावीची सही नसलेलं फर्मवेअर मशीन चालवतच नाही. त्यामुळे 'माझ्या नव्या लॅपटॉपवर कोअरबूट बसेल का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. अपवाद आहेत. थिंकपॅड टी४४०पी चालतो. २०२४ च्या अखेरीस इंटेलच्या जुन्या त्रुटीचा उपयोग करून लिब्रेबूटने टी४८० सुद्धा यादीत आणला. पण पहिल्यांदा हात घालायला एक्स२३० सारखं मशीन नाही.

२०१२ चं मशीन, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, १६ जीबीपर्यंत रॅम. बूट गार्ड नाही. रॅम जागी करण्याचा कोड कोअरबूटमध्ये पूर्ण खुला आहे, त्यासाठी इंटेलची बंद फाइल लागत नाही. डिस्प्ले चालू करणारा कोडही खुला, आणि तो चक्क एडा भाषेत लिहिलेला. शिवाय फ्लॅश चिप गाठायला मदरबोर्ड बाहेर काढावा लागत नाही. की-बोर्ड आणि पाम रेस्ट काढलं की चिपा समोर. टी-मालिकेतल्या काही मशीनमध्ये फ्रेम सुटी करेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

पेचकस हातात घेण्याआधी

दुकानातून आणल्याआणल्या कोअरबूट टाकू नका. आठवडाभर मूळ बायॉसवरच वापरा. रॅमची चाचणी रात्रभर चालवा, दोन्ही स्लॉट तपासा, यूएसबी, कॅमेरा, आवाज, झाकण मिटून उघडणं, सगळं. नंतर काही चाललं नाही तर दोष कोअरबूटचा की आधीपासूनचा, हे भांडण तुम्हाला स्वतःशीच भांडावं लागेल. बिल मागून घ्या. सुपरवायझर पासवर्ड लागलेलं मशीन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

दुसरं, मूळ बायॉस शेवटच्या आवृत्तीला नेऊन ठेवा. जे पुसायचंच आहे ते कशाला अपडेट करायचं, असं भाच्याने विचारलं. कारण त्याच अपडेटबरोबर एम्बेडेड कंट्रोलरचं फर्मवेअरही येतं. की-बोर्ड, पंखा, बॅटरी चार्जिंग हे सांभाळणारी ती वेगळी चिप. कोअरबूट तिला हात लावत नाही आणि नंतर तिला अपडेट करण्याचा सरळ रस्ता बंद होतो.

याच कंट्रोलरमुळे आणखी एक अपेक्षाभंग आधीच सांगून टाकतो. बॅटरी अस्सल आहे की नाही ही तपासणी कंट्रोलर करतो, बायॉस नाही. वाय-फायची यादी कोअरबूटने जाते, बॅटरीची अट जात नाही. मूळ फर्मवेअरवर चार्ज होत नसलेली डुप्लिकेट बॅटरी नंतरही चार्ज होणार नाही.

डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर आधी काढा किंवा रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. आणि खरं सांगायचं तर सीबायॉसबरोबर यूईएफआय पद्धतीने बसवलेलं विंडोज बूट होणार नाही. मी हे मशीन लिनक्ससाठीच करायला सांगतो.

सामान

आठ पायांच्या चिपेवर बसणारी टेस्ट क्लिप, प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं उपकरण), आणि प्रोग्रॅमर जोडायला लिनक्स असलेला दुसरा लॅपटॉप. लॅपटॉपच, डेस्कटॉप नको. कारण पुढे येईल.

क्लिपेवर पैसे वाचवू नका. स्वस्त क्लिपेचे दात दहा वेळा लावल्यावर ढिले पडतात आणि मग आपण तासभर सॉफ्टवेअरला दोष देत बसतो. लॅमिंग्टन रोडला गेलात तर क्लिप हातात घेऊन, उघडझाप करून बघता येते, एवढ्यासाठी ठाण्याहून लोकलची चक्कर वसूल आहे.

प्रोग्रॅमरच्या बाबतीत जरा थांबा. सगळीकडे सीएच३४१ए नावाचा काळा बोर्ड सुचवतात, कारण तो स्वस्त आहे. पण त्या काळ्या बोर्डाची मेख अशी की चिपेला वीज ३.३ व्होल्ट देत असला तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट सोडतो. एक्स२३० मधल्या चिपा ३.३ व्होल्टच्या. अनेकांचं काम तरीही होतं, आणि 'माझं झालं, तुझंही होईल' हा सल्ला त्यातूनच पसरतो. पण त्या तारा नुसत्या चिपेला नाही, मदरबोर्डावरच्या चिपसेटलाही जोडलेल्या असतात. त्या काळ्या बोर्डात सोल्डरिंगने दुरुस्ती करता येते. त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घ्या. त्यात सीरप्रोग पद्धतीचं फर्मवेअर टाकलं की तोच प्रोग्रॅमर होतो, आणि त्याचे सगळे सिग्नल मुळात ३.३ व्होल्टचे असतात. तारा जोडायचे कष्ट थोडे जास्त, झोप मात्र शांत.

तारा आखूड ठेवा, दहा सेंटिमीटरच्या आत. लांब तारांवर वाचन दर वेळी वेगळं येतं. चिपेचे पाय असे: खाचेच्या किंवा ठिपक्याच्या कोपऱ्यातला १ नंबर म्हणजे चिप-सिलेक्ट, २ डेटा बाहेर, ३ राइट-प्रोटेक्ट, ४ ग्राउंड, समोरच्या बाजूने परत येताना ५ डेटा आत, ६ क्लॉक, ७ होल्ड, ८ वीज. पिकोवर कोणता पाय कुठे जोडायचा ते तुम्ही टाकलेल्या फर्मवेअरच्या माहितीतच बघा, कारण आवृत्तीनुसार ते बदलतं.

उघडणं

मशीन बंद, चार्जर काढलेला, बॅटरी काढलेली. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. खालच्या बाजूला की-बोर्ड आणि टचपॅडची चित्रं असलेले स्क्रू आहेत, एकूण ७. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. मी कागदावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावतो. भाचा हसला, पण परत लावताना त्यालाच तो कागद लागला.

की-बोर्ड आधी स्क्रीनच्या दिशेने ढकलायचा, मग उचलायचा. खाली एक पट्टी-केबल आहे, ती हळूच सोडवा. मग पाम रेस्ट, त्याचीही केबल. त्याखाली काळी प्लॅस्टिकची पातळ चादर दिसेल. ती फाडायची नाही, कडेने सोलून बाजूला करायची. तिच्याखाली एकाच आकाराच्या दोन चिपा. स्क्रीनकडची ४ एमबीची, तुमच्याकडची ८ एमबीची. घड्याळाची छोटी बॅटरीही सोडवून ठेवा.

पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत स्थिर विजेची भीती तशी कमी. हेच काम एसी लावलेल्या खोलीत, कोरड्या हवेत केलं तर जपा. आम्ही पंखा बंद करून घामाघूम बसलो होतो, तेव्हा धोका एकच: कपाळावरचा थेंब मदरबोर्डावर पडण्याचा. शेजारी नॅपकिन ठेवा, हे मी गमतीने लिहीत नाही.

वाचणं: खरं काम इथे आहे

लिहायला पाच-दहा मिनिटं लागतात. वाचून खात्री करायला आमचा अर्धा दिवस गेला.

दोन चिपा का आहेत ते आधी समजून घ्या. ८ आणि ४ मिळून १२ एमबीची एकच सलग जागा मशीनला दिसते. सुरुवातीचे ४ केबी हे डिस्क्रिप्टर, म्हणजे कोणाचा प्लॉट कुठून कुठे आहे आणि तिथे कोणाला जाता येईल याचा सातबारा. पुढचे ८ केबी लॅनच्या चिपचे, तुमच्या मशीनचा मॅक पत्ता तिथे असतो. मग ५ एमबीच्या खुणेपर्यंत इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (एमई), त्याच्याबद्दल पुढे येईल. उरलेले ७ एमबी बायॉसचे. त्यातले ३ एमबी मोठ्या चिपेत, ४ एमबी छोट्या चिपेत. म्हणजे छोटी चिप अख्खी बायॉसची, तिच्यात दुसरं काही नाही. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा बेत यावर आहे.

वाचायला फ्लॅशरॉम हे टूल वापरायचं. त्याला प्रोग्रॅमरचं नाव सांगितलं की आधी चिप ओळखून दाखवतं. ८१९२ केबी दिसलं तर क्लिप मोठ्या चिपेवर आहे, ४०९६ दिसलं तर छोट्या. डोळ्यांपेक्षा यावर विश्वास ठेवा. एकाच चिपेची दोन-तीन नावं दाखवून 'यातलं एक निवडा' म्हणालं तर टॉर्च मारून चिपेवर छापलेला क्रमांक वाचा आणि तेच नाव द्या. छाप पुसट असेल तर मोबाइलने तिरक्या उजेडात फोटो काढून मोठा करून बघा. काहीच सापडलं नाही तर क्लिप काढून पुन्हा लावा. तरीही नाही, तर क्लिपेची लाल तार १ नंबरच्या पायावर आहे का ते तपासा. क्लिप लावता-काढताना प्रोग्रॅमरची यूएसबी काढलेली असू द्या.

प्रत्येक चिप किमान दोनदा वाचा, मधे क्लिप एकदा काढून परत लावा, आणि दोन्ही फाइलींचा शा-२५६ हॅश (फाइलीवरून काढलेला ठसा) जुळतो का बघा. मोठ्या चिपेची फाइल बरोबर ८३८८६०८ बाइटची, छोटीची ४१९४३०४.

इथे आमचा पचका झाला. पहिल्या दोन्ही वाचनांचे हॅश तंतोतंत जुळले. भाचा खूश, मीही चहा टाकायला उठलो. परत येऊन सहज फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं एफएफ. चिप ओळखली गेली होती, वाचताना मात्र क्लिप निसटली होती, आणि रिकामं वाचन दोनदा केलं तर ते दोनदा सारखंच येणार! जुळलेला हॅश 'दोन वाचनं सारखी आहेत' एवढंच सांगतो. ती खरी आहेत असं सांगत नाही. तोच बॅकअप समजून आम्ही पुढे लिहिलं असतं, तर परतीचा रस्ता उरला नसता.

म्हणून हॅशनंतर अजून तीन गोष्टी करा. फाइल उघडून त्यात विविध मजकूर दिसतो का, मधूनमधून वाचता येणारे शब्द आहेत का ते बघा. मग मोठी आधी आणि छोटी नंतर अशा दोन्ही फाइली जोडून १२ एमबीची एक फाइल करा आणि कोअरबूटबरोबर येणाऱ्या आयएफडीटूलला द्या. डिस्क्रिप्टर, एमई, लॅन आणि बायॉस हे चारही भाग वर सांगितलेल्या सीमांवर दिसले पाहिजेत. शेवटी एमईची छाटणी करणाऱ्या एमई-क्लीनर या टूलच्या नुसत्या तपासणीच्या पर्यायाने एमईची सही बरोबर लागते का बघा. सहीचा भाग चुकीचा वाचला गेला असेल तर इथे कळतं. हे तिन्ही पार पडलं की फाइली दोन वेगळ्या जागी ठेवा: एक पेनड्राइव्हवर, एक घरातल्या दुसऱ्या मशीनवर. त्याच एक्स२३० च्या डिस्कवर ठेवू नका, हेही सांगावं लागतं.

दुसरं वाचन चालू असताना आमच्याकडे वीज गेली. डेस्कटॉपवर असतो तर काम तिथेच संपलं होतं. लॅपटॉप बॅटरीवर होता, पिको त्याच्या यूएसबीवर, त्यामुळे अंधारात मोबाइलच्या उजेडात वाचन पूर्ण झालं. दुसरा लॅपटॉपच घ्या म्हटलं ते यासाठी.

बांधणं

डेबियन किंवा उबुंटूवर गिट, सी-कंपायलरचा नेहमीचा संच, फ्लेक्स, बायसन, एनकर्सेसची विकासफाइल आणि नॅट बसवा. नॅट हा एडाचा कंपायलर. तो विसरलात तर डिस्प्लेचा कोड बांधला जाणार नाही. मग कोअरबूटचा स्रोत उपमॉड्यूलसह उतरवून आधी त्याचा स्वतःचा क्रॉस-कंपायलर तयार करायचा. जुन्या मशीनवर हे तास-दीड तास सहज घेतं. हे काम शनिवारी रात्रीच उरकून ठेवा, म्हणजे मशीन उघडं ठेवून वाट बघावी लागणार नाही.

पर्यायांच्या मेनूत निर्माता लेनोवो, मॉडेल थिंकपॅड एक्स२३०. चिपेचा आकार १२ एमबी. डिस्प्लेसाठी खुला लिबजीएफएक्सइनिट. पेलोड सीबायॉस. प्रोसेसरचा मायक्रोकोड राहू द्या. तो बंद आहे म्हणून काढून टाकणारे लोक आहेत, पण प्रोसेसरमध्ये जुना मायक्रोकोड मुळातच कोरलेला असतो, तेव्हा काढून मिळतात ते फक्त जुने बग.

महत्त्वाची नोंद एकच: सीबीएफएसचा, म्हणजे कोअरबूटच्या फाइली राहतात त्या जागेचा, आकार ४ एमबी करा. असं केलं की कोअरबूटचं सगळं बिऱ्हाड १२ एमबीच्या शेवटच्या ४ एमबीत, म्हणजे फक्त छोट्या चिपेत बसतं. डिस्क्रिप्टर, एमई, लॅन असलेल्या मोठ्या चिपेला पहिल्या दिवशी हातच लावायचा नाही. दोन्ही चिपा एकदम लिहिणारे मार्गदर्शक बरेच आहेत. पण पहिल्यांदा करणाऱ्याने एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं.

बांधून झालेल्या १२ एमबीच्या फाइलीतले पहिले ८ एमबी सोडून उरलेला भाग लिनक्सच्या डीडी कमांडने वेगळा काढा. ४१९४३०४ बाइट आले की बरोबर.

लिब्रेबूटची तयार फाइल वापरणार असाल तर एक इशारा. एक्स२३० सारख्या मशीनसाठी त्यांच्या फाइलीत एमईचा भाग नसतो. त्यांच्या स्क्रिप्टने तो आधी घालून घ्यावा लागतो, त्याच वेळी आपला मॅक पत्ताही घालता येतो. उतरवली तशीच चिपेवर लिहायची नाही.

लिहिणं आणि पहिला बूट

क्लिप छोट्या चिपेवर. फ्लॅशरॉमने ४०९६ केबी दाखवलं याची पुन्हा खात्री. मग लिहिण्याचा आदेश. ते आधी जुनं वाचतं, पुसतं, लिहितं आणि शेवटी पडताळून 'व्हेरिफाइड' म्हणतं. तो शब्द दिसल्याशिवाय क्लिपेला, टेबलाला, कशालाही धक्का लावू नका. पडताळणी चुकली तर घाबरायचं कारण नाही. क्लिप नीट बसवून, वेग कमी करून पुन्हा लिहा. चिप बाहेरून लिहिता येते तोवर मशीन मेलेलं नसतं.

क्लिप काढा, घड्याळाची बॅटरी जोडा, की-बोर्डची केबल लावा. स्क्रू इतक्यात नकोत. चार्जर लावा आणि बटण दाबा.

पहिल्या बूटला रॅमची जुळणी नव्याने होते, त्यामुळे स्क्रीन काही सेकंद काळीच राहते. ते सेकंद फार मोठे वाटतात. भाच्याचा हात दोनदा बटणाकडे गेला, दोनदा मी अडवला. मग सीबायॉसची साधी पांढरी अक्षरं उमटली. बूट मेनूसाठी एस्केप दाबायचं. नेहमीसारखं निळं-करडं सेटिंगचं पान शोधू नका, ते नसतंच. जी थोडी सेटिंग आहेत ती लिनक्समधून एनव्हीरॅमटूलने बदलतात.

मिनिटभरानंतरही काळोखच असेल तर क्रमाने: रॅमची एकच पट्टी ठेवून बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये बघा. तरी नाही, तर छोटी चिप पुन्हा वाचून लिहिलेल्या फाइलीशी ताडून पाहा. फाइल जुळत असेल तर दोष बांधणीत आहे. मूळ बॅकअप परत लिहा, मशीन पूर्ववत होईल, आणि मेनूतले पर्याय पुन्हा तपासा.

दुसरा रविवार: मोठी चिप

आठवडाभर मशीन नीट चाललं, मग दुसऱ्या रविवारी मॅनेजमेंट इंजिन. प्रोसेसरहून वेगळा, चिपसेटमध्ये राहणारा हा छोटा संगणक. त्याचं फर्मवेअर बंद, आणि मशीनच्या मेमरीपर्यंत व नेटवर्कपर्यंत त्याला पोहोचता येतं. एक्स२३० वर तो पूर्ण पुसता येत नाही. पुसला तर चिपसेट मशीनला ३० मिनिटांनी बंद करतो. २००८ च्या एक्स२०० वर तो पूर्ण काढता येतो, पण ते मशीन आज रोजच्या वापराला जड जातं.

मधला मार्ग निकोला कॉर्ना यांच्या एमई-क्लीनरचा. मोठ्या चिपेच्या बॅकअपची एक प्रत घ्या, मूळ नाही. त्यावर आधी आयएफडीटूलने डिस्क्रिप्टरमधली कुलपं उघडा, मग एमई-क्लीनर चालवा. तो एमईमधले मशीन सुरू व्हायला लागणारे मोजके भाग ठेवतो, बाकीचं खरवडतो, आणि सुरुवातीचं काम झाल्यावर गप्प बसण्याची खूणही लावतो. ती फाइल ८३८८६०८ बाइटचीच आहे ना, हे बघून बाहेरून मोठ्या चिपेवर लिहा. दुसऱ्या कोणाच्या मशीनची फाइल कधीही वापरू नका. लॅनचा भाग त्यात असतो, आणि एकाच घरात एकाच मॅक पत्त्याची दोन मशीन म्हणजे नेटवर्कची पंचाईत.

लिहून झालं, मशीन चालू झालं, तरी लगेच जिंकलो म्हणायचं नाही. अर्ध्या तासाची परीक्षा बाकी असते. आम्ही मोबाइलवर टायमर लावला आणि पोहे खात बसलो. त्या अर्ध्या तासात भाच्याला पुढचं सांगून टाकलं.

पुढचे अपडेट क्लिप न लावता होतात. फ्लॅशरॉमला प्रोग्रॅमर म्हणून 'इंटर्नल' द्यायचं, कर्नल अडवत असेल तर बूट करताना आयोमेमची मुभा सैल करण्याचा पॅरामीटर द्यायचा आणि काम झाल्यावर तो काढून टाकायचा. त्या वेळी मात्र बॅटरी आणि चार्जर दोन्ही हवेत. पावसाळ्यात तर नक्कीच. दर महिन्याला अपडेट करायची हौस नको. चालतंय ते चालू द्यावं, वर्षातून एकदा नवी आवृत्ती बांधावी, आणि चालत असलेली आधीची फाइल व तिची पर्यायांची नोंद जपून ठेवावी.

"म्हणजे आता हे एकदम सुरक्षित?" त्याने विचारलं. नाही. सीबायॉसमध्ये सिक्युअर बूट नाही, आणि डिस्क्रिप्टरची कुलपं आपणच उघडली आहेत. ज्याच्या हातात मशीन दहा मिनिटं पडेल तो आपण केलं तेच करू शकतो. ती काळजी असेल तर हेड्स नावाचं, ट्रॅमल हडसन यांनी सुरू केलेलं फर्मवेअर आहे. ते टीपीएम नावाची सुरक्षा चिप वापरून दर बूटला काही बदललंय का ते सांगतं. एक्स२३० त्यावर चालतो. पण तो तिसरा रविवार झाला.

टायमर वाजला. तिसावं मिनिट गेलं, एकतिसावं गेलं, पंखा शांतपणे फिरत होता. पस्तीस होईपर्यंत थांबलो, उगाच. मग मशीन बंद करून, बॅटरी काढून भाच्याने खिशातून ते इंटेल ७२६० चं कार्ड काढलं, स्लॉटमध्ये तिरकं सरकवून खाली दाबलं, दोन अँटेना टक-टक बसवल्या. चालू केल्यावर १८०२ आला नाही. कागदावरच्या चिकटपट्ट्या सोडवत आम्ही एकेक स्क्रू परत लावला. पाम रेस्टचा एक उरला, आणि तो कुठला हे शोधायला सगळं पुन्हा उलटं करावं लागलं.